फॅटी लिव्हर, हळदीच्या कॅप्सूल आणि तेलाचा डबा

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमानांचं वय ४६, स्वतःचं कृषी केंद्र, दिवसभर गल्ल्यावर बसून काम. उंची पाच फूट सहा इंच, वजन ८४ किलो. दारू-तंबाखू नाही. पोट जड वाटतं म्हणून सोनोग्राफी केली, तर ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ आलं. रक्तात लिव्हरच्या इजेचे आकडे म्हणजे एसजीपीटी ७८, एसजीओटी ५२, प्लेटलेट २ लाख ४० हजार, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी म्हणजे एचबीएवनसी ६.१. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्वास्टॅटिन १० लिहून दिली. मग मेहुण्यांनी जळगावहून हळदीच्या कॅप्सूलचा डबा आणला: ५०० मिलिग्रॅम, त्यात ९५ टक्के कर्क्युमिन म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, सोबत मिऱ्याचा अर्क, दिवसाला दोन. ‘कोलेस्टेरॉलची गोळी लिव्हर खराब करते, ती सोडा आणि ही घ्या’ असं ऐकून यजमानांनी गोळी थांबवली. ताईंचं स्वतःचं हिमोग्लोबिन ९.८ आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत, आणि गुडघे दुखतात म्हणून त्यांनाही हीच कॅप्सूल घ्यायची आहे. विचारतात: जेवणाआधी घ्यायची की नंतर, किती महिने घ्यायची, आणि रात्रीचं हळदीचं दूध चालू ठेवायचं का?

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. कॅप्सूल दोघांनीही सुरू करू नका. यजमानांची कोलेस्टेरॉलची गोळी बंद राहू देऊ नका. ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि त्यांना विचारून परत सुरू करा. वरणात-भाजीत हळद जशी पडते तशी पडू द्या. दुधाचं पुढे बोलू.

ओपीडीत हा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: ‘डॉक्टर, हळद ते घरनी शे, तिना काय तरास व्हई?’ घरच्या हळदीचा त्रास नाहीच. पण डब्यात जे आहे ती घरची हळद नव्हे.

जरा हिशेब करू. हळदीच्या पावडरीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. जात, जमीन, काढणी यांप्रमाणे २ ते ५ च्या मध्ये कुठेतरी. आपल्याकडे जेवणातून माणसाच्या पोटात दिवसाला दोन-अडीच ग्रॅम हळद जाते, म्हणजे ६० ते ७५ मिलिग्रॅम कर्क्युमिन. तुमच्या डब्यातल्या दोन कॅप्सूलमध्ये आहे ९५० मिलिग्रॅम. तेवढं भाजीतून घ्यायचं ठरवलं तर रोज ३० ग्रॅमहून जास्त, म्हणजे दहाएक चमचे हळद एकट्या माणसाला खावी लागेल. यजमान कृषी केंद्र चालवतात, त्यांना एका वाक्यात समजेल: धान्याच्या कोठीत कडुनिंबाचा पाला टाकणं वेगळं आणि १०,००० पीपीएमचं निंबोळीचं औषध पंपात भरणं वेगळं. झाड एकच आहे, तरी दुसऱ्याच्या बाटलीवर मात्रा, काळजी आणि सूचना छापाव्या लागतात. कॅप्सूलच्या डब्यावर मात्र हिरवं पान, हळकुंडाचं चित्र आणि ‘१०० टक्के नैसर्गिक’.

आता त्या मिऱ्याच्या अर्काकडे या, कारण खरी मेख तिथे आहे. नुसतं कर्क्युमिन पोटात गेलं तर रक्तात फारसं पोचतच नाही. आतड्याची भिंत आणि लिव्हर मिळून त्याचं रूप बदलतात आणि बाहेर घालवतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य, दिलं तर माणसात त्याची उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. त्या एका आकड्यावर जगभरातला हळदीच्या गोळ्यांचा धंदा उभा आहे. पण ही वाढ होते कशी, हे डब्यावर लिहीत नाहीत. नको ते बाहेर टाकण्याची शरीराची जी यंत्रणा, तिलाच पायपरिन काही काळ मंद करतं. म्हणजे ज्या माणसाचं लिव्हर आधीच चरबीने भरलंय, त्याला आपण लिव्हरचं काम संथ करणारी वस्तू औषध म्हणून देतो. शिवाय मंदावलेली यंत्रणा फक्त कर्क्युमिनपुरती मंदावत नाही. फिट्सची फेनिटोइन, रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफिलिन, या औषधांची रक्तातली पातळी पायपरिनने वाढल्याचं माणसांवर केलेल्या अभ्यासांत दिसलं आहे. ॲटोर्वास्टॅटिनही शरीरातून बाहेर पडताना याच वाटेने जाते.

भाजीतल्या चार मिऱ्यांनी असं काही होत नाही, घाबरू नका. आपला काळा मसाला आहे तसाच राहू द्या.

हळदीच्या गोळ्यांनी लिव्हरला खरंच इजा होते का? होते. सगळ्यांना नाही, बहुतेकांना नाही. पण ज्यांना होते त्यांना बऱ्यापैकी होते. इटलीत २०१८-१९ मध्ये हळदीचे सप्लिमेंट घेणाऱ्यांमध्ये तीव्र हिपॅटायटिसच्या, म्हणजे लिव्हरला सूज आलेल्या रुग्णांची रांग लागली, तेव्हा सरकारला डबे तपासावे लागले. भेसळ असेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तपासात हे सगळं भेसळीवर ढकलता येईल असं काही सापडलं नाही. २०२२ साली तिथे या गोळ्यांवर इशारा छापणं बंधनकारक झालं आणि ‘लिव्हरसाठी उपयुक्त’ असले दावे काढायला लावले. त्याच वर्षी फ्रान्सच्या अन्नसुरक्षा संस्थेने असाच इशारा दिला. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये लोकांना सावध केलं, तेव्हा त्यांच्याकडे लिव्हरच्या त्रासाच्या १८ नोंदी होत्या. त्यातच त्यांनी हेही स्पष्ट केलं की जेवणातल्या नेहमीच्या हळदीशी या धोक्याचा संबंध दिसत नाही.

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजांची नोंद ठेवणारं डॉक्टरांचं एक जाळं आहे. त्यांनी हळदीमुळे झालेल्या दहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. दहापैकी आठ स्त्रिया. पाच जणांना दवाखान्यात भरती व्हावं लागलं, एक दगावला. सात जणांत एचएलए-बी ३५:०१ नावाचा एकच जनुकीय प्रकार सापडला. याचा अर्थ असा की काहींच्या शरीराची घडणच अशी असते की या वस्तूवर त्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्या लिव्हरवर उलटते. ही घडण चेहऱ्यावरून कळत नाही आणि गोळी घेण्याआधी त्यासाठी कुणी तपासणी करत नाही. त्रास साधारण एक ते चार महिन्यांत सुरू होतो. म्हणून ‘मी पंधरा दिवस घेतली, काही झालं नाही’ या वाक्याला काही अर्थ नाही. गोळी बंद केली की बहुतेक जण एक ते तीन महिन्यांत बरे होतात, हेही सांगायला हवं.

‘वनस्पती म्हणजे निर्धोक’ ही समजूत गुळवेलीनेही एकदा धुवून काढली आहे. कोरोनाच्या काळात घरोघरी काढे उकळत होते, तेव्हा मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर हिपॅटायटिस झालेले सहा रुग्ण २०२१ मध्ये शास्त्रीय मासिकात मांडले. त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, वाद झाला. मला त्या वादात पडायचं नाही. वैद्यांकडून रीतसर तपासून, ठरावीक मात्रेत, ठरावीक दिवस घेतलेलं हळदीचं चूर्ण आणि मेहुण्यांनी आणलेला डबा यांत मी फरक करतो. फक्त वैद्यांना तुमच्या ॲलोपॅथीच्या गोळ्या दाखवा आणि मला त्यांची पुडी दाखवा. दोघांपासून लपवणारे रुग्ण सगळ्यात जास्त अडचणीत येतात.

बरं, धोका थोडा आहे. पण फायदा मोठा असेल तर? रास्त प्रश्न आहे. फॅटी लिव्हरवर कर्क्युमिनचे प्रयोग झालेत, आणि ‘काहीच उपयोग नाही’ असं म्हणणं खोटं ठरेल. पण त्यातले बहुतेक प्रयोग छोटे, पन्नास ते शंभर माणसांचे, आठ-बारा आठवड्यांचे आणि मोठ्या प्रमाणात इराणमधले. २०१६ सालच्या एका प्रयोगाचा दाखला जाहिरातींत फार येतो. ८० रुग्ण, आठ आठवडे. कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी ७८.९ टक्के लोकांची लिव्हरमधली चरबी सोनोग्राफीत कमी दिसली. जाहिरात इथे थांबते. त्याच प्रयोगात खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के लोकांचीही चरबी कमी दिसली! गोळीत काही नव्हतं, तरीही. कारण दवाखान्यात नाव नोंदवलं, कुणीतरी विचारपूस करतंय म्हटल्यावर माणूस आपसूक दोन पुऱ्या कमी खातो. २०१९ मध्ये इराणमध्येच दुसरा प्रयोग झाला. पन्नासेक रुग्ण, बारा आठवडे, रोज १५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन, आणि दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा सल्ला. दोन्ही गट सुधारले. हळदवाला गट पुढे गेला नाही. माझ्या मते तुमच्या घरासाठी हाच दुसरा प्रयोग जास्त बोलका आहे.

आणि सोनोग्राफीतल्या ग्रेडवर फार विसंबू नका. लिव्हरमध्ये ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी असली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात, पण साध्या सोनोग्राफीला ती नीट दिसायला लागते २०-३० टक्क्यांच्या पुढे. ग्रेड १ की २ हे बरंचसं मशीन आणि बघणारा यांवर ठरतं. आज ग्रेड २ आणि दुसऱ्या सेंटरला ग्रेड १, असे रिपोर्ट मी एकाच आठवड्यातले पाहिलेत. मुख्य म्हणजे ग्रेड चरबीचं सांगते. लिव्हर कडक होऊ लागलंय का, व्रण पडलेत का, याबद्दल काही सांगत नाही. आयुष्य ठरवणारी गोष्ट ती आहे.

ती कळायला एक फुकटचा हिशेब आहे, फिब-४. वय गुणिले एसजीओटी करा. प्लेटलेट हजारांत घ्या आणि त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा. तुमच्या यजमानांचं: ४६ गुणिले ५२ म्हणजे २३९२. ७८ चं वर्गमूळ ८.८३, गुणिले २४० म्हणजे जवळजवळ २१२०. भागाकार १.१३. हा आकडा १.३ च्या खाली असला तर लिव्हर कडक झालेलं असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर गेला तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे जायलाच हवं. मधला असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक आहे ते मोजणारी तपासणी, करून घ्यायचा. पासष्टीच्या पुढच्यांना खालची मर्यादा २ धरतात, नाहीतर म्हातारी माणसं उगीच घाबरतात. यजमानांचा आकडा आज चांगला आहे. म्हणजे वेळ हातात आहे.

तपासणीत एक गोष्ट राहिलेली दिसते. एसजीपीटी वाढलंय म्हटल्यावर सगळं खापर चरबीवर फोडायचं नसतं. हिपॅटायटिस बी आणि सी, थायरॉइड, या तपासण्या एकदा व्हायला हव्यात. आणि ताई, रागावू नका, पण ‘दारू नाही’ हे एकदा यजमानांना एकट्यात विचारा. लग्नसराईतली बिअर आपल्याकडे कित्येक जण दारूत धरतच नाहीत.

आता ॲटोर्वास्टॅटिन. फॅटी लिव्हरवाल्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद करणं, ही मला या सगळ्या प्रश्नात सर्वात धोक्याची गोष्ट वाटली. फॅटी लिव्हर असलेली माणसं सर्वात जास्त कशाने दगावतात? लिव्हरने नाही, हृदयविकाराने. पोटाचा घेर, वाढती साखर, रक्तातली चरबी, रक्तदाब आणि फॅटी लिव्हर हे एकाच बिघाडाचे भाग आहेत. म्हणून तर २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराचं नाव बदलून त्यात चयापचयाच्या बिघाडाचा उल्लेख आणला. ही गोळी फॅटी लिव्हरमध्ये चालते. एसजीपीटी थोडं वर असतानाही चालते. गोळीने एसजीपीटी क्वचित कुणाचं वाढतं, ते रक्त तपासून लक्षात येतं, आणि ते बघणं डॉक्टरांचं काम आहे. ज्या गोळीने हृदय सांभाळलं जातं हे लाखो लोकांवर सिद्ध झालं, ती लिव्हरच्या भीतीने सोडायची, आणि जिने खरोखर हिपॅटायटिस झाल्याच्या नोंदी आहेत ती लिव्हरसाठी घ्यायची, हा उलटा न्याय मला बघवत नाही.

मग करायचं काय? वजन. कंटाळवाणं उत्तर आहे, पण याच्याइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कशालाच नाही. क्यूबामध्ये २९३ रुग्णांना वर्षभर आहार आणि व्यायामावर ठेवलं आणि आधी-नंतर सुईने लिव्हरचा तुकडा काढून तपासला. हा अभ्यास २०१५ मध्ये आला. ज्यांचं वजन १० टक्के किंवा जास्त उतरलं, त्यांच्यापैकी ९० टक्के लोकांची लिव्हरची सूज गेली. अनेकांचे व्रणसुद्धा मागे हटले. ३ ते ५ टक्के उतरलं तरी चरबी कमी होते, ७ च्या पुढे सूज ओसरायला लागते. यजमानांच्या ८४ किलोत ५ टक्के म्हणजे सव्वाचार किलो, १० टक्के म्हणजे साडेआठ. वर्षभरात. महिन्याला सात-आठशे ग्रॅम. एकदम उपास-तापास करून महिन्यात आठ किलो उतरवायला जाऊ नका, त्याने लिव्हर उलट बिघडू शकतं आणि पित्ताशयात खडे होतात.

औषधंही आहेत. मधुमेह नसलेल्यांना, तुकडा तपासून सूज सिद्ध झाली असेल तर, व्हिटॅमिन ई देतात. आपल्या देशात २०२० पासून सारोग्लिटाझारला सूज असलेल्या प्रकारासाठी मान्यता आहे. अमेरिकेत २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड यांना या आजारासाठी मान्यता मिळाली, तीही लिव्हर कडक होऊ लागलेल्यांसाठी. फिब-४ चा आकडा १.१३ असलेल्या माणसाला आज यातलं काही लागत नाही.

खाण्यापिण्यात मी खान्देशातल्या प्रत्येक घराला पहिला प्रश्न विचारतो: तेलाचा डबा किती दिवसांत संपतो? माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास तेल पुरेसं आहे. चौघांच्या घरात १५ किलोचा डबा आठ महिने चालायला हवा. माझ्याकडे येणाऱ्या घरांतून तीन-साडेतीन महिने असं उत्तर येतं, आणि ते सांगताना बाई नवऱ्याकडे बघते, नवरा पंख्याकडे. शेवभाजीवर तर्री तरंगली नाही तर पाहुणे नावं ठेवतात, भरीत तेलात न्हायलं पाहिजे, वरण-बट्टीतली बट्टी तळून वर तुपात बुडवायची, कळण्याच्या भाकरीवर कच्चं तेल आणि चटणी. मी इथलाच आहे, मलाही आवडतं. पण एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी. भाजीच्या एका वाटीत असे दोन चमचे सहज जातात. भरीत करा, वांगी काट्यांवर भाजल्यावर चव तिथेच येते, फोडणीचं तेल निम्मं करा. शेवभाजी महिन्यातून एकदा. बट्टी वाफवून भाजा, तळू नका. दादर ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी गव्हाच्या पोळ्यांच्या थप्पीपेक्षा बरी, पोट लवकर भरतं. पण भाकरीही मोजून.

दुसरा चोर गोड. दुकानात बसणाऱ्या माणसाचे चहा विचारा. आलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला चहा, आणि त्याच्यासोबत स्वतःलाही. पाच चहा, दोन-दोन चमचे साखर, झाली ४०-५० ग्रॅम. उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर गेला की त्यात थंड्याच्या बाटल्या आणि रसवंतीचे ग्लास. पातळ गोड पेयातली साखर थेट लिव्हरमध्ये जाऊन चरबी होते. तिथे आधी हात घाला: ताक, लिंबूपाणी बिनसाखरेचं, माठातलं पाणी. बिनसाखरेची काळी कॉफी जमत असेल तर दिवसातून दोन कप घेऊ द्या. कॉफी पिणाऱ्यांमध्ये लिव्हर कडक होण्याचं प्रमाण कमी दिसतं. आखाजीला आमरस-पुरणपोळी होणारच, कानबाईचे रोटही होणार. सणाच्या दिवशी खा. सण आठवडाभर चालवू नका. केळी? जळगाव जिल्ह्यात राहून केळी सोडा म्हणणारा डॉक्टर टिकत नाही. एक केळं रोज चालेल. केळीचे वेफर्स नाही.

चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं. चैत्र-वैशाखात सकाळी सातच्या आत उरकायचं. दहानंतर आपल्याकडे चालणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. दुकानात पोती उचलायला पोरं आहेत, तरी दिवसातून काही खेपा यजमानांनी स्वतः केल्या तर स्नायूंना बरं. कंबरेचा घेर टेपने मोजा, बेंबीच्या पातळीवर. पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांत ८० च्या आत. वजनकाटा हलत नाही असं वाटतं तेव्हा घेर उतरत असतो.

दुधाचं. म्हशीचं साय असलेलं दूध, पेलाभर, दोन चमचे साखर किंवा गूळ, चिमूटभर हळद. हळद चिमूटभर आणि कॅलरी अडीचशे. झोपायच्या आधी. यजमानांना हे औषध म्हणून देऊ नका. त्यांना आवडतच असेल तर अर्धा कप, साय काढून, बिनसाखरेचं, आणि संध्याकाळचा चहा वजा करून.

आता तुमचं स्वतःचं, ताई, कारण ते तुम्ही शेवटच्या ओळीत घुसवलंत. हिमोग्लोबिन ९.८ असताना कर्क्युमिनची जास्त मात्रा घेऊ नका. ते लोहाला धरून ठेवतं, आणि मोठ्या मात्रेने लोह कमी झाल्याची उदाहरणं आहेत. एका हाताने लोहाची गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचा असर घालवायचा, याने काय साधणार? लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या. पाळीत जास्त रक्त जातं का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. गुडघ्यांवर कर्क्युमिनचा थोडा उपयोग दिसलाय हे मी नाकारत नाही, पण तुमचं आधी रक्त भरू द्या.

याशिवाय कुणी ही गोळी अजिबात घेऊ नये तेही सांगतो, कारण तुमचा डबा उद्या शेजारी जाईल. पित्ताशयात खडे असलेले, कारण कर्क्युमिनने पित्ताशय आकुंचन पावतं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे, वॉरफरिन असो की क्लोपिडोग्रेल. मुतखड्याची सवय असलेले, हळदीत ऑक्झॅलेट बरंच असतं. गरोदर बाया. ऑपरेशन ठरलेलं असेल ते. किडनी किंवा लिव्हर बदललेले. पूर्वी कधीही औषधाने कावीळ झालेले.

यजमानांनी तरी हट्ट धरलाच, तर निदान एवढं पाळा. मिऱ्याचा अर्क किंवा ‘जास्त शोषण होणारी’ असं लिहिलेली घेऊ नका. सुरू करण्याआधी आणि नंतर महिन्याने एसजीपीटी बघा, पुन्हा तीन महिन्यांनी. भूक मेली, मळमळ, लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज, यातलं काहीही दिसलं की गोळी त्याच दिवशी बंद आणि रक्ततपासणी. कावीळ दिसली तर झाडपाल्याच्या औषधाला जाऊ नका, दवाखान्यात या, आणि डबा सोबत आणा. रुग्ण डबा घरी ठेवतात आणि आम्ही अंदाज बांधत बसतो.

स्वयंपाकाच्या हळदीबद्दल मात्र एक काळजी घ्या, कॅप्सूलपेक्षा ही जास्त घरांना लागू आहे. हळदीला चकाकी यावी म्हणून काही व्यापारी शिसं असलेला पिवळा रंग, लेड क्रोमेट, वापरतात. बांगलादेशात हे उघड झालं तेव्हा पावडरच नाही तर अख्ख्या हळकुंडांनाही पॉलिश करताना तो चोळला जात होता. म्हणून हळकुंड आणून गिरणीत दळलं की झालं, एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. भडक पिवळं, चकचकीत हळकुंड टाळा. ओळखीच्या शेतकऱ्याकडून उकडून वाळवलेलं, बिनपॉलिशचं, मातकट दिसणारं हळकुंड मिळत असेल तर ते घ्या. सुट्टी पावडर नको. लहान मुलं असलेल्या घरात शिसं म्हणजे मेंदूचं नुकसान.

डब्याचं सील फोडलं नसेल तर मेहुण्यांना सांगून दुकानदाराला परत करा. हिपॅटायटिस आणि थायरॉइडच्या तपासण्या या आठवड्यात करून घ्या, जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजला कमी खर्चात होतील. एसजीपीटी, एसजीओटी, प्लेटलेट आणि एचबीएवनसी तीन महिन्यांनी, सकाळी उपाशीपोटी. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम करून रक्त देऊ नका, आकडे खोटे वाढतात. सोनोग्राफी इतक्यात परत करायची गरज नाही. सव्वाचार किलो उतरले की मग करा.